खेळाडू थेट "पर्सुएशन रोल करतो" म्हणतात. टेबलावर रोलप्ले वाढवायचा कसा?

नकाशेवाला

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून पात्रं खेळायचा कथाखेळ), २०२४चे नियम. पाच खेळाडू, सेशन साडेतीन तासांचं. लढाई सुरू झाली की सगळे सरसावून बसतात, पण एखादा एनपीसी (खेळ चालवणाऱ्या डीएमच्या हातातलं पात्र) बोलू लागला की समोरचा खेळाडू पात्राच्या शीटकडे बघतो आणि म्हणतो, "मी पर्सुएशन रोल करतो. सतरा." मन वळवायला फासा टाकला, आकडा आला, संवाद तिथेच संपतो. पाचांपैकी दोघं तरी थोडं बोलतात, उरलेले तिघं त्यांच्याकडे बघत राहतात.

करून झालेल्या गोष्टी: एनपीसींना वेगवेगळे आवाज. चांगल्या रोलप्लेला जादा एक्सपी, म्हणजे पातळी वाढवणारे अनुभवगुण (सगळे त्याच दोघांकडे गेले). प्रत्येकाकडून पात्राच्या पूर्वायुष्याची दोन-दोन पानांची बॅकस्टोरी (फोल्डरमध्ये पडून आहेत). हिरोइक इन्स्पिरेशन (एक फासा पुन्हा टाकायची सवलत) द्यायचं डीएमच्या लक्षात राहत नाही आणि दिलं तर वापरायचं खेळाडूंच्या लक्षात राहत नाही.

जबरदस्ती कुणावरच करायची नाहीये. पण डीएमच्या बाजूने नेमकं काय बदललं तर फरक पडेल?

---

वीसबाजू

आधी एक गुंता सोडवू. आवाज बदलून, "मी" म्हणत बोलणं ही रोलप्लेची एक पद्धत झाली, तेवढाच रोलप्ले नव्हे. "माझी धर्मगुरू त्याला सांगते की मृतांची शपथ मोडली तर पुढचं पाप तुझ्या डोक्यावर" हे वाक्य तृतीयपुरुषी आहे आणि शंभर टक्के रोलप्ले आहे. पात्र कोण आहे यावरून घेतलेला निर्णय म्हणजे रोलप्ले. हे टेबलावर मोठ्याने सांगा. डीएम प्रत्येक एनपीसीला वेगळा आवाज देतो तेव्हा गप्प बसणाऱ्यांना वाटतं की आपल्याकडूनही अभिनयाचीच अपेक्षा आहे, आणि ते आणखी मिटतात. तुमचे आवाज उत्तम असतील, पण या तिघांसाठी ते उलट काम करत असावेत.

आता "सतरा" या प्रकाराबद्दल. यात खेळाडूंची चूक नाही. फासा टाकला की निकाल मिळतो आणि बोललं तरी शेवटी फासाच टाकावा लागतो, हे त्यांनी टेबलावरच शिकलेलं असतं. मग मधली पायरी कोण कशाला चढेल? म्हणून क्रम बदला. डीएमने मागितल्याशिवाय टाकलेला फासा धरायचा नाही आणि फासा मागण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारायचे:

"त्याच्याकडून तुला नेमकं काय हवंय?"
"त्याने ते का द्यावं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच संवाद. ते कुठल्या सुरात दिलं याला महत्त्व नाही. धाक, लाच, दया, समान शत्रू, जुनी ओळख, काहीही चालेल, पण काहीतरी हवं.

२०२४च्या नियमांतली, समोरच्याला वळवायची इन्फ्लुअन्स अ‍ॅक्शन नीट वाचलीत तर नियमच तुमच्या बाजूने आहे. समोरचा राजी असेल तर चेक (फासा टाकून घेतलेली परीक्षा) नाही, काम होतं. मागणी त्याच्या मूळ स्वभावाविरुद्ध असेल तरीही चेक नाही, काम होत नाही. तो कचरत असेल तेव्हाच फासा. डीसी (गाठायचा आकडा) १५ किंवा त्याचा इंटेलिजन्स स्कोअर, यातला जो मोठा असेल तो. चेक फसला तर तीच मागणी त्याच पद्धतीने पुन्हा करायला २४ तास थांबावं लागतं (डीएम वेगळी मुदत ठरवू शकतो). शिवाय एनपीसी मैत्रीपूर्ण असेल तर दोन फासे टाकून मोठा धरायचं अ‍ॅडव्हान्टेज, वैरभावाचा असेल तर छोटा धरायचं डिसअ‍ॅडव्हान्टेज. थोडक्यात, समोरचा राजी आहे, ठाम नकारात आहे की कचरतोय, हे मागणी आणि कारण ऐकल्याशिवाय डीएमला ठरवताच येत नाही. म्हणजे दोन्ही प्रश्न फाशाच्या आधीच यायला हवेत.

इथे एक खड्डा आहे. खेळाडू मनापासून सुंदर मुद्दा मांडतो, तुम्ही तरीही फासा मागता, ३ पडतात आणि एनपीसी हसून उडवून लावतो. हे दोनदा झालं की खेळाडू पुन्हा "सतरा"वर परततो. मुद्दा खरोखर बिनतोड असेल तर फासा मागूच नका. आणि मागितलाच, तर फसल्यावर मुद्दा खोटा ठरवू नका, अडचण दुसरीकडून आणा: "तुझं त्याला पटलंय, पण मागून कॅप्टन येतोय आणि त्याच्यासमोर त्याला हो म्हणता येणार नाही."

आणखी एक. मोठं भाषण करणाऱ्याला बोनस आणि दोन वाक्यांत सांगणाऱ्याला काहीच नाही, असं करू नका. कॅरिस्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) २० असलेलं पात्र मितभाषी माणूसही खेळू शकतो. तोलायचा तो मुद्दा. वक्तृत्वाला गुण देऊ नका.

---

तिसरा पहारा

वीसबाजूंच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण क्रमाबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. बुजऱ्या खेळाडूंसाठी "आधी फासा, मग संवाद" जास्त चालतं. हेतू आणि कारण एका वाक्यात घ्यायचं, फासा टाकायचा, आणि निकाल कळल्यावर प्रसंग खेळायचा. ४ पडले तर विचारायचं, "तुझा सरदार बोलता बोलता नेमकं काय चुकीचं बोलून जातो?" आता त्या खेळाडूवर छान बोलायचं ओझं नाही, वाईट बोलायचं काम मिळालंय, आणि ते सोपं असतं. भाषण वाया गेल्याचा तो खड्डाही यात नाही.

तोटा असा की यशाचा आकडा पडला की पुढचा संवाद लोक आटोपता घेतात. म्हणून बोलक्या दोघांसाठी वीसबाजूंचा क्रम आणि उरलेल्यांसाठी हा, असं एकाच टेबलावर मिसळलं तरी बिघडत नाही. कुणी विचारलंच तर सरळ सांगा की ज्याला जसं सोपं जातं तसं.

दुसरं, लॉंग रेस्ट (पात्रांची रात्रीची विश्रांती) वाया घालवू नका. आठ तासांपैकी किमान सहा तास झोप, आणि पहाऱ्यासारख्या हलक्या कामाला जास्तीत जास्त दोन तास, असा नियम आहे. बहुतेक टेबलांवर "पहारा लावतो, पर्सेप्शन (चाहूल घेण्याचा) रोल करतो" म्हणून रात्र सरते. त्याऐवजी पहारा जोडीने लावा आणि दर रेस्टला एकाच जोडीचा पहारा खेळा. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. जोडी निवडताना एक बोलका आणि एक अबोल घ्या, आणि प्रश्न अबोल पात्राच्या अंगाने टाका: "ती आज दिवसभर तुझ्या जखमेकडे बघत होती. का, ते तिने सांगितलेलं नाही. तू विचारतोस का?" सगळ्या जोड्या एकाच रात्री खेळायला गेलात तर तिसऱ्या जोडीपर्यंत बाकीचे फोनमध्ये शिरतील. पार्टीत (पात्रांच्या गटात) एल्फ असेल तर त्याची लॉंग रेस्ट चार तासांत आटोपते, उरलेली रात्र तो जागाच असतो. हा फुकटचा दुवा आहे, वापरा.

---

शाईचा डाग

बॅकस्टोरीबद्दल लिहिते. दोन पानं चालत नाहीत, कारण त्यात जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. गाव जळलं, आईवडील गेले, गुरू मारला गेला. ओढायला दोराच शिल्लक नाही. डीएमला हवी असतात जिवंत माणसं आणि अर्धवट कामं. त्या पानांऐवजी प्रत्येकाकडून पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर तीन ओळी घ्या:

१. पुढच्या तीन सेशनांत मिळेल किंवा हुकेल अशी एक गोष्ट जी पात्राला हवी आहे. "जगात कीर्ती" नको. "भावाने विकलेली तलवार परत मिळवणं" चालेल.
२. ज्याला नाही म्हणता येत नाही असा एक माणूस, जिवंत आणि पोहोचण्याजोगा.
३. जीव गेला तरी करणार नाही अशी एक गोष्ट.

कार्डाच्या मागच्या बाजूला डावीकडच्या आणि उजवीकडच्या खेळाडूच्या पात्राशी असलेलं एकेक नातं, एका वाक्यात, दोघांच्या संमतीने. "तिने एकदा माझ्यासाठी खोटी साक्ष दिली" वगैरे. पाच पात्रांत पाच जोड्या होतात, म्हणजे पार्टीअंतर्गत संवादासाठी पाच विषय तयार. "एकलकोंडा, कुणावर विश्वास नाही" छापाचं पात्र कुणी आणलं तर खेळ सुरू व्हायच्या आधीच विचारायचं: मग या चौघांबरोबर तो का थांबलाय? उत्तर खेळाडूने द्यायचं. डीएमने ते ओझं उचललं की प्रत्येक सेशनला त्याला ओढत न्यावं लागतं.

कार्डं डीएम स्क्रीनच्या (डीएमसमोरच्या आडोशाच्या) आतल्या बाजूला लावा. तयारी करताना दर सेशनला दोनच कार्डं उचला आणि त्यांवरची एकेक ओळ मुख्य कथानकात गुंतवा. पाचही एकदम नकोत, सेशन फुटतं. तीन सेशनांत सगळ्यांची पाळी येते, अबोल तिघांची आधी लावा. पहिली ओळ पुरी झाली किंवा हातातून गेली की खेळाडूने नवी लिहायची. हे झालं नाही तर दोन महिन्यांत कार्डं मेलेली असतील.

पहिली आणि तिसरी ओळ एकमेकींवर आपटेल असा प्रसंग रचता आला तर सोनं. तलवार समोर आहे, पण मिळवायची तर शपथ मोडावी लागते. अशा वेळी आवाज काढायला कुणाला सांगावं लागत नाही.

---

कंदीलवाला

एक्सपी फक्त बोलणाऱ्यांकडे गेले, यात नवल नाही. दादागिरी, विनोद, लांब भाषणं, जे ठळक दिसतं त्यालाच डीएम बक्षीस देतो. यावर दोन खेळांतून उचलण्यासारखं आहे.

ब्लेड्स इन द डार्कमध्ये सेशनच्या शेवटी ठरलेले प्रश्न असतात: पात्राची श्रद्धा, ओढ, वारसा किंवा पूर्वायुष्य खेळात उमटलं का? व्यसनामुळे किंवा जुन्या आघातांमुळे अडचणीत सापडलात का? एकदा झालं असेल तर १ एक्सपी, अनेकदा झालं असेल तर २. निकष आधीच माहीत असतात आणि उत्तर खेळाडू स्वतः देतो, त्यामुळे कोण किती बोललं याचा प्रश्नच उरत नाही. डी अँड डीत हे आणायचं तर पातळ्या सगळ्यांच्या एकदमच वाढू द्या आणि या प्रश्नांना हो आलं की पुढच्या सेशनची सुरुवात हिरोइक इन्स्पिरेशनने. वेगवेगळे एक्सपी दिले की गप्प बसणारा पातळीतही मागे पडतो आणि त्याला बोलायचं आणखी एक कारण कमी होतं.

दुसरा खेळ फेट. तिथे पात्राच्या स्वभावातली खोट पुढे करून जीएम (तिथला डीएम) म्हणतो, "हा पॉइंट घे, आणि तुझा रागीटपणा आत्ता इथे तुला नडतो." घ्यायचं तर पॉइंट मिळतो, नाकारायचं तर स्वतःचा एक द्यावा लागतो. गंमत अशी की इथे बक्षीस अडचणीत उडी मारण्याचं आहे, सादरीकरणाचं नाही, आणि तेही त्याच क्षणी हातात पडतं. डी अँड डीत हिरोइक इन्स्पिरेशन याच पद्धतीने देऊ करा, फक्त नकाराला दंड ठेवू नका. "लाच न घेणारी आहेस ना? मग हा सौदा इथे मोडतो, आणि इन्स्पिरेशन तुझं. चालेल?" कार्डावरची तिसरी ओळ याच्यासाठीच आहे.

लक्षात न राहण्यावर उपाय म्हणजे ते काम डीएमच्या डोक्यावरून काढणं. दर सेशनला प्रत्येक खेळाडूला एकेक टोकन द्यायचं, ते स्वतःसाठी वापरता येत नाही. दुसऱ्याच्या पात्राने काही मनाला भिडणारं केलं की कारण सांगून त्याला द्यायचं. मिळालेलं टोकन म्हणजे इन्स्पिरेशन. सलग दोन सेशनं त्याच माणसाला देता येणार नाही. एका पात्राकडे एका वेळी एकच असू शकतं. आधीचं असताना दुसरं मिळालं तर ते ज्याच्याकडे नाही त्याला देता येतं, असं २०२४चे नियमही सांगतात. त्यामुळे टोकनं आपोआप टेबलभर फिरतात. आणि दुसऱ्यांच्या प्रसंगांकडे लक्ष देणं सुरू होतं, हा माझ्या मते याचा खरा फायदा.

---

नकाशेवाला

कार्डं आणि टोकनं दोन्ही पटलं. पण ते तिघं मुळात तोंडच उघडत नाहीत. "तुझ्या पात्राला काय वाटतंय?" विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर. आणि लढाईत रोलप्ले शक्य आहे का, कारण सेशनचा निम्मा वेळ तिथेच जातो?

---

वीसबाजू

"काय वाटतंय" हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण त्याला टेकू नाही. उघड्या प्रश्नाऐवजी अर्धं उत्तर प्रश्नातच द्या. "तू दाराजवळ उभी आहेस की शेकोटीजवळ?" याला कुणीही उत्तर देतं. मग लगेच: "दाराजवळ. म्हणजे तो निघताना तुझ्याच अंगावरून जाणार. वाट देतेस?" दोन पर्याय, एक छोटी कृती, आणि ती बोलती झालेली असते. उत्तर येईपर्यंत घाई करू नका. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. तीन सेकंदांत बोलका खेळाडू मध्ये पडतो, म्हणून त्याला हाताने थांबवायची सवय ठेवा. आणि आधी इशारा द्या: "हिच्यानंतर तुझ्याकडे येतो." विचार करायला मिळालेला एक मिनिटही खूप असतो.

एनपीसींनी पार्टीला उद्देशून बोलायचं नाही. एका पात्राकडे बघून, नावाने, आणि शेवट प्रश्नाने: "तुमच्यात चिलखत फक्त तुझ्याच अंगावर आहे. तू का नाही बोलत?" एनपीसीची तयारी तीन नोंदींची: काय हवंय, कशाची भीती, एक लकब. चौथी ओळ लिहिलीत तर ती वाचून दाखवायचा मोह होतो. दोन एनपीसी एकमेकांशी बोलतायत असा प्रसंग टाळा, तेव्हा अख्खं टेबल तुमचं प्रेक्षक होतं.

हे सगळं करूनही एखाद्याला ऐकत बसण्यातच आनंद असेल, तर तो आनंद खरा आहे. सेशनबाहेर, एकट्याला विचारा: बोलायचंय पण जमत नाही, की असंच आवडतं? दुसरं उत्तर आलं तर त्याला सोडा.

---

तिसरा पहारा

लढाईबद्दल. एक राउंड सहा सेकंदांचा. त्यात भाषण बसत नाही, एक वाक्य बसतं. शेवटचा घाव घालणाऱ्याला "कसा मारतोस?" सगळेच विचारतात; त्याऐवजी ज्याचे हिट पॉइंट्स (उरलेला जीव मोजायचे गुण) निम्म्याखाली गेले त्याला विचारा, "आत्ता नजर कुणाला शोधते?"

पण लढाईतला खरा रोलप्ले शत्रू शरण येतो तेव्हा होतो. निम्मे साथी पडले की उरलेल्यांनी शस्त्रं टाकावीत, मरेपर्यंत लढू नये. आता कैदी आहेत. सोडायचं, बांधून न्यायचं, मारायचं? याचं बरोबर उत्तर शीटवर कुठेच नाही, आणि पाचही जण बोलतात. मात्र एक पथ्य पाळा. सोडलेला कैदी परत येऊन दगा देतो, हे एकदाच वापरा. पहिल्या तीन कैद्यांनी घात केला तर चौथा कैदी वाचणार नाही आणि हा दरवाजा तुमच्या टेबलावर कायमचा बंद होईल. एखाद्याने पुढे बातमी आणून द्यावी, एखादा नुसताच घरी जावा.

---

शाईचा डाग

एक धोका राहिला. रोलप्लेला दाद मिळू लागली की "माझं पात्र असंच वागलं असतं" म्हणत साथीदाराचा खिसा कापणारा कुणीतरी निघतो. सेशन झिरोला (खेळापूर्वीच्या बैठकीत) ठरवा: साथीदाराविरुद्ध फासा टाकायचा तर ज्याच्यावर परिणाम होणार त्या खेळाडूची आधी परवानगी. पात्रांचं भांडण चालेल, खेळाडूंना विचारून. त्याच वेळी कुठले विषय टेबलावर नकोत तेही विचारून घ्या, आणि मध्येच प्रसंग नकोसा झाला तर कारण न सांगता थांबवता यावा म्हणून एक्स काढलेलं कार्ड मध्यभागी ठेवा. थांबवता येतं ही खात्री असली की लोक भावनिक प्रसंगात शिरायला कचरत नाहीत.

---

नकाशेवाला

सगळं एकदम सुरू केलं तर गोंधळ होईल. पुढच्या सेशनला फक्त एक प्रसंग करून बघायचा असेल तर?

---

वीसबाजू

पुलावरचं फाटक घ्या. पहारेकरी: हवंय, नोकरी टिकवणं, भीती, वरिष्ठाची, लकब, बोलताना किल्ल्या मोजतो. शाईचा डाग यांच्या पद्धतीने एका अबोल खेळाडूच्या कार्डावरची दुसरी ओळ बघा. समजा तिथे धाकटी बहीण आहे. ती पुलापलीकडे आहे आणि फाटक सकाळपर्यंत बंद. पहारेकरी त्याच खेळाडूकडे बघून विचारतो, "एवढ्या रात्री पलीकडे कोण आहे तुझं?"

कुणीतरी फासा उचलेलच. हात वर करा: "थांब, त्याने का उघडावं?" पैसे दिले: कचरतो, डीसी १५. वरिष्ठाला कळणार नाही याची व्यवस्था सांगितली: राजी, फासा नाही. धमकी दिली: कचरतो, आणि जमलं तरी सकाळी वरिष्ठाला कळतं. काही न सांगता नुसतं "उघड" म्हटलं: नाही. हे चार निकाल आधीच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे टेबलावर अडखळणार नाही. प्रसंग दहा मिनिटांत संपवा, रेंगाळू देऊ नका. फाटक उघडलं की कापा आणि बहिणीच्या दारात नवा प्रसंग उघडा.

---

नकाशेवाला

हे करतो. टोकन म्हणून काय वापरता? नाणी ठेवली होती, ती शीटखाली जातात आणि विसरली जातात.

---

कंदीलवाला

वेगळ्या रंगाचे मोठे डी२० (वीस बाजूंचे फासे). शीटवर मध्येच, हिट पॉइंट्सच्या रकान्यावर ठेवायचे, म्हणजे डॅमेज (झालेली इजा) लिहिताना तो उचलावाच लागतो आणि आठवण होते. वापरताना पुन्हा टाकायचा फासा म्हणून तोच टाकायचा. फक्त एक सांगून ठेवा, २०२४चं हिरोइक इन्स्पिरेशन कुठल्याही एका फाशाला चालतं, डॅमेजच्याही. त्यामुळे डी८ (आठ बाजूंच्या फाशा) वर १ पडला तर मोठा फासा डीएमकडे परत, डी८ पुन्हा, आणि नवा आकडा कितीही वाईट असला तरी तोच धरायचा.